तिखट आणि त्याचा तोल : कोल्हापूरचे जेवण, घरातले आणि वाटेवरचे

भारतातील बहुतेक मोठ्या शहरांतील उपाहारगृहांच्या मेनूकार्डावर ‘व्हेज कोल्हापुरी’ आणि ‘चिकन कोल्हापुरी’ अशी नावे आढळतात आणि त्यांच्यापुढे अनेकदा लाल मिरचीचे चित्रही छापलेले असते. खुद्द कोल्हापुरातील घरांत मात्र या नावाचा पदार्थ शिजत नाही आणि तेथे कोणी केवळ जिभेला चटका बसावा म्हणून जेवत नाही. कोल्हापूरच्या ताटात तिखट आहे हे खरे, पण त्या तिखटाच्या शेजारी दही, दूध, नारळ, भात, भाकरी किंवा गूळ यांपैकी काही ना काही मांडलेले असते, आणि जेवणाची खरी गोडी या जोडीत असते. बाहेरगावाहून येणारा प्रवासी तिखट तेवढे चाखतो आणि त्याचा जोडीदार ताटात तसाच ठेवून उठतो, त्यामुळे त्याला अर्धेच कोल्हापूर कळते. हे जेवण कसे घडले, घरात आणि घराबाहेर त्याची रीत कोणती आणि त्याचा आस्वाद कसा घ्यावा, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

घाट आणि देश यांच्या मधले शहर

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीचा माथा आहे आणि पूर्वेला कृष्णा-पंचगंगेचे सपाट काळे रान आहे. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात तो पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. साहजिकच पश्चिमेकडच्या राधानगरी, आजरा, शाहूवाडी या तालुक्यांत भात आणि नाचणी, पूर्वेकडे ज्वारी, भाजीपाला आणि नदीकाठी ऊस, अशी पिकांची विभागणी झाली. आजऱ्याचा घनसाळ हा सुवासिक तांदूळ याच पावसाळी पट्ट्यातला असून त्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळालेले आहे. एकाच जिल्ह्यात भात खाणारी आणि भाकरी खाणारी अशी दोन्ही माणसे असल्यामुळे कोल्हापूरच्या ताटात भाकरीने सुरुवात आणि भाताने शेवट हा क्रम स्वाभाविकपणे रुळला.

या पिकांच्या जोडीला व्यापाराची वाट होती. आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा आणि आंबोली या घाटांतून कोकणातील नारळ, आमसूल आणि सुकी मासळी वर येत असे, दक्षिणेकडून कर्नाटकातील मिरची येत असे, आणि येथून गूळ बाहेर जात असे. १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि १८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी ही पेठ वसवली, तेव्हा या देवघेवीला मोठी बाजारपेठ मिळाली. नारळाचे दूध आणि लाल मिरची एकाच जेवणात येण्यासाठी जी दोन टोके जोडली जावी लागतात, ती येथे बाजारात आपोआप जोडली गेली होती.

वर्षभराची चटणी

कोल्हापुरातील घरात ‘चटणी’ म्हटले की ताटात डावीकडे वाढायचा ओला पदार्थ डोळ्यांसमोर येत नाही. तेथे चटणी म्हणजे वर्षभर टिकणारे कांदा-लसणाचे लाल तिखट, ज्याला इतरत्र कांदा-लसूण मसाला म्हणतात. उन्हाळ्यात मिरची बाजारात स्वस्त आणि कोरडी मिळते, तेव्हा ती आणून, देठ खुडून, कडक उन्हात वाळवून डंकावर, म्हणजे लोखंडी मुसळांच्या कांडपयंत्रावर, कुटून घेतली जाते. मिरची एकाच जातीची घेण्याची पद्धत नाही. धारवाडी-कन्नड मुलखातील ब्याडगी मिरची, जिचे नाव हावेरी जिल्ह्यातील गावावरून पडले असून जिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती गडद रंग देते पण फारशी तिखट नसते. बेळगाव जिल्ह्यातील संकेश्वरच्या नावाने ओळखली जाणारी आणि गडहिंग्लजच्या बाजारात उतरणारी संकेश्वरी मिरची तिखटपणा आणि चव देते. आणि ज्या घराला आणखी जाळ हवा असतो ते घर थोडी लवंगी मिरची घालते. रंग एकीकडून आणि तिखट दुसरीकडून घेण्याच्या या पद्धतीमुळे प्रत्येक घर आपला तोल स्वतः ठरवते, आणि म्हणून रस्सा दिसायला लालभडक असला तरी तो तेवढाच जहाल असेल असे नाही.

मिरचीबरोबर तळलेला कांदा, लसूण, सुके खोबरे, धने, जिरे, तीळ, खसखस, दगडफूल, तमालपत्र, लवंग, दालचिनी, मसाला वेलची, मेथ्या, हिंग आणि हळद हे जिन्नस भाजून किंवा तेलात परतून घातले जातात. हे परतणे केवळ वासासाठी नसते, कारण कांदा-लसणातील पाणी नीट निघाले नाही तर चटणीला बुरशी येते आणि वर्षाची बेगमी वाया जाते. एकदा ही चटणी बरणीत भरली की रोजच्या आमटीला, उसळीला आणि भरल्या वांग्याला वेगळा मसाला शोधावा लागत नाही, आणि नोकरी-शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला किंवा परदेशात गेलेल्या मुलांच्या सामानात कपड्यांइतकीच ती आवश्यक ठरते.

एका पातेल्यातून चार पदार्थ

कोल्हापूरचे मटणाचे ताट पाहिले तर त्यात सुके मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि कधी अळणी असे चार पदार्थ दिसतात, परंतु त्यांचा उगम एकाच पातेल्यात असतो. मटण आले-लसूण आणि मीठ लावून भरपूर पाण्यात शिजवले की जे सकस पाणी उरते त्याला अळणी म्हणतात; ते तिखटाशिवाय, लहान मुलांना आणि आजाऱ्यांना वाटीत प्यायला दिले जाते. शिजलेले तुकडे बाजूला काढून ते चटणी आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात परतले की सुके तयार होते. उरलेल्या अळणीचे दोन भाग केले जातात. एका भागात तेलात फुलवलेली चटणी आणि वाटण घालून उकळी आणली की वर लाल तवंग येतो आणि तांबडा रस्सा तयार होतो. दुसऱ्या भागात नारळाचे दूध, खसखस, तीळ आणि काजू यांचे बारीक वाटण आणि लवंग, दालचिनी, मिरी, वेलदोडे अशा अख्ख्या मसाल्याची फोडणी घातली की पांढरा रस्सा होतो; नारळाचे दूध घातल्यानंतर तो खळखळून उकळू द्यायचा नाही, कारण मग तो फुटतो. थोडक्या मटणात मोठी पंगत उठवण्याची ही युक्ती असून, खानावळीत मटण मोजून वाढले जाते आणि रस्सा मात्र मागेल तितका मिळतो, त्यामागचे गणितही हेच आहे.

तांबड्याच्या शेजारी पांढरा मांडण्याच्या या रीतीला शास्त्राचाही आधार आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातील असून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्याआधी येथील स्वयंपाकात तिखटासाठी मुख्यतः मिरी, सुंठ आणि पिंपळी वापरली जात असे. मिरचीतील तिखट द्रव्याला कॅप्सेसिन म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली मज्जातंतूंवरील असा ग्राहक, म्हणजे विशिष्ट द्रव्य ओळखणारे प्रथिन, शोधून काढला, जो कॅप्सेसिननेही जागा होतो आणि भाजणाऱ्या उष्णतेनेही. त्यामुळे मिरची खाल्ल्यावर तापमान वाढलेले नसतानाही तोंड भाजल्याचा निरोप मेंदूला पोहोचतो. या संशोधनासाठी ज्युलियस यांना २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण स्निग्ध पदार्थांत विरघळते आणि दुधातील केसीन हे प्रथिन ते जिभेवरून दूर करण्यास मदत करते. म्हणूनच तिखट लागल्यावर ढसाढसा पाणी प्यायल्याने फारसे काही साधत नाही, तर नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा, दही-कांदा किंवा दुधाचा घोट लगेच उतार देतो. तांबड्याच्या शेजारी पांढरा मांडणाऱ्या गृहिणींना या ग्राहकाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, परंतु त्याचे वागणे त्यांना अनुभवाने पुरते कळले होते.

कोल्हापूर म्हणजे मटण हे समीकरणही अपुरे आहे. जिल्ह्यात जैन आणि लिंगायत समाजाची मोठी वस्ती असल्यामुळे शाकाहारी स्वयंपाकाची परंपरा येथे तितकीच भक्कम आहे. कृष्णाकाठची भरली वांगी, झुणका, हिरव्या मिरचीचा खर्डा, दही आणि ज्वारीची भाकरी हे जेवण शेतावर आणि घरात रोज होते, आणि पुणे-बंगळूर महामार्गावरील ढाब्यांवर मिळणारा अख्खा मसूर, म्हणजे न भरडलेल्या मसुराची चटणीत शिजवलेली दाट भाजी, हा या भागाने प्रवाशांना दिलेला पदार्थ आहे.

खानावळ, वसतिगृह आणि चहाचे दुकान

घराबाहेर जेवणे ही आज चैन वाटते, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती गरज होती आणि ती गरज भागवताना जात आडवी येत असे. खेड्यातून कोर्टकचेरीसाठी किंवा शाळेसाठी कोल्हापुरात येणाऱ्या माणसाने कोणाच्या पंगतीला बसावे, हा प्रश्न तेव्हा भुकेपेक्षा कठीण होता. शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास चालना दिली, तेव्हा राहण्याबरोबर जेवणाची सोय हा त्यांचा गाभा होता, आणि त्यामुळेच कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हटले जाते.

याच काळातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलाची कथा खाण्यापिण्याच्या इतिहासात महत्त्वाची आहे. सरकारी पागेत काम करणाऱ्या कांबळे यांना पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि कांबळे यांना स्वतंत्र धंद्यासाठी साहाय्य केले. त्यातून भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हे हॉटेल उभे राहिले. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा पिण्यास गिऱ्हाईक तयार नव्हते, तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी हॉटेलासमोर थांबवून चहा मागवू लागले आणि सोबतच्या मंडळींनाही तो पाजू लागले. सार्वजनिक पाणवठे आणि इमारती सर्वांना खुल्या करण्याचे त्यांचे आदेश १९१९ सालचे आहेत. पण आदेश कागदावर राहू शकतो, तर भर रस्त्यात प्यायलेला चहा सर्वांच्या नजरेस पडतो. आज कोणत्याही खानावळीत शेजारच्या बाकावर कोण बसले आहे याची चौकशी न करता प्रवासी जेवतो, ती मोकळीक अशा कृतींमधून आलेली आहे.

सकाळची मिसळ, संध्याकाळचे दूध

शहराचा दिवस मिसळीने उघडतो. मोड आलेल्या मटकीची उसळ, तिच्यावर शेव-चिवडा किंवा फरसाण, कांदा, कोथिंबीर आणि लिंबू, आणि या सर्वांवर ओतलेला कट, म्हणजे तवंग असलेला पातळ तिखट रस्सा, अशी तिची रचना असते. इतरत्र तिच्यासोबत पाव येतो, कोल्हापुरात ब्रेडचे स्लाइस येतात, आणि ते कट शोषून घेण्याचे काम उत्तम करतात. फडतरे, चोरगे आणि बावडा या नावांची मिसळ कोल्हापूरबाहेरही ओळखली जाते आणि कोणती सरस यावर शहरात एकमत होण्याची शक्यता नाही. नवख्याने मात्र कट वेगळा मागून घ्यावा आणि आपल्या बेताने वाढवत जावे. अनुभवी खवय्येही पुष्कळदा तेच करतात.

संध्याकाळी हेच शहर दुधाकडे वळते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते आणि फेसाळ धारोष्ण दूध, म्हणजे नुकते काढलेले न तापवलेले दूध, पेल्यात दिले जाते. या सवयीमागे कुस्तीची परंपरा आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने तालमी वाढल्या, १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले आणि दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण हा पैलवानाचा खुराक सर्वसामान्यांच्याही आवडीचा झाला. पुढे १९६३ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाने, म्हणजेच ‘गोकुळ’ने, जिल्ह्याचे दूध मुंबईपर्यंत पोहोचवले. धारोष्ण दुधाविषयी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे : न तापवलेल्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस यांसारखे आजार पसरू शकतात, म्हणून गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांनी तापवलेलेच दूध प्यावे.

गटाने निघावे, गटाने जेवावे

कोल्हापूरकराला एकट्याने जेवणे मानवत नाही. मित्रांनी वर्गणी काढून, पातेली आणि मसाला बरोबर घेऊन नदीकाठी किंवा कोणाच्या मळ्यात जाणे आणि तेथे तीन दगडांच्या चुलीवर रस्सा शिजवणे, हा येथला आवडता कार्यक्रम असून अशा गटांना रस्सा मंडळ म्हणतात. आषाढात पंचगंगेला नवे पाणी आले की गल्लोगल्लीच्या स्त्रिया ते कलशात भरून, वाद्यांच्या गजरात त्र्यंबोलीच्या टेकडीवर नेतात, आणि देवीला पाणी वाहून झाल्यावर घरोघरी मटणाचा बेत होतो.

याउलट मार्गशीर्षातील यात्रेचे जेवण पूर्ण शाकाहारी असते. जिल्ह्यातील हजारो भाविक एसटीने कर्नाटकातील सौंदत्तीच्या रेणुकादेवीला जातात आणि परतल्यावर कोल्हापुरातील ओढ्यावरच्या रेणुका मंदिरात आंबील यात्रा भरते. आंबील म्हणजे पीठ आंबवून ताक घालून केलेले पातळ पेय. त्याच्याबरोबर भाकरी, वांगे-वरण्याची भाजी, मेथी, कांद्याची पात, गाजर आणि दहीभात असा नैवेद्य नेऊन तो मंदिराच्या आवारातच एकमेकांना वाटून खाल्ला जातो. थंडीत शेतात जे पिकते तेच येथे ताटात येते, आणि नात्यागोत्यातील माणसे वर्षातून एकदा एकाच चादरीवर बसून जेवतात.

अशा प्रवासासाठी घरात होणारी शिदोरीही विचारपूर्वक ठरलेली असते. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी मऊ राहते, ज्वारीची भाकरी पातळ थापून कडक केली तर अनेक दिवस टिकते, आणि शेंगदाण्याची चटणी, खर्डा आणि गूळ यांना थंड पेटीची गरज नसते. पाण्याचा अंश कमी, मीठ-तिखट किंवा गोड भरपूर, हे टिकाऊपणाचे साधे सूत्र या सर्व पदार्थांत दिसते.

गोडाचा मुलूख

तिखटासाठी नाव झालेला हा जिल्हा प्रत्यक्षात उसाचा आणि गोडाचा आहे. दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे सुरू होतात. उसाचा रस मोठ्या काहिलीत ओतून चुलवाणावर, म्हणजे चिपाडांनी पेटवलेल्या भट्टीवर, आटवला जातो. रानभेंडीच्या चिकट रसाने मळी वर येते आणि ती काढून टाकली जाते, आणि पाक नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या, म्हणजे या कामातला जाणकार, केवळ बुडबुड्यांवरून आणि पाण्यात टाकलेल्या थेंबावरून ओळखतो. गूळ होण्याआधीचा दाट पाक म्हणजे काकवी. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाजारात फिकट पिवळा गूळ देखणा वाटतो, पण तो रंग अनेकदा रसायने घालून आणलेला असतो, म्हणून खरेदी करताना तपकिरी गूळ निवडणे शहाणपणाचे ठरते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीत दत्तदर्शनाला येणारे प्रवासी बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी घेतल्याशिवाय परतत नाहीत, आणि वारणेचे श्रीखंड तर महाराष्ट्रभर पोहोचले आहे.

ताटाशी कसे बसावे

प्रवाशाने कोल्हापुरात जेवताना काही साधे नियम पाळले तर पोट आणि रसना दोन्ही तृप्त होतात. मटणाचे ताट समोर आल्यावर प्रथम पांढरा रस्सा गरम असतानाच प्यावा, मग भाकरीबरोबर सुके आणि तांबडा खावा, मध्ये दही-कांदा घ्यावा आणि शेवटी थोडा भात पांढऱ्या रश्श्याबरोबर कालवावा. एकाच दिवसात सकाळी मिसळ, दुपारी मटण आणि रात्री पुन्हा तांबडा असा बेत आखू नये. स्थानिक माणूसही तसे खात नाही. पन्हाळ्यावर किंवा जोतिबाच्या वाटेवर गरम झुणका-भाकर समोर करून मिळते, तेथे ती खावी, कारण समोर शिजलेले आणि गरम वाढलेले अन्न हे प्रवासात सर्वांत सुरक्षित असते. पाण्याच्या बाबतीत मात्र खात्रीचे पाणीच प्यावे.

घरी हे जेवण रांधू इच्छिणाऱ्यांनीही हाच तोल सांभाळावा. चटणीत ब्याडगीचे प्रमाण जास्त ठेवावे, कांदा-खोबरे सावकाश भाजावे, अळणी आधी चाखून पाहावी आणि वेळ कमी असला तरी पांढरा रस्सा टाळू नये. मेनूकार्डावरील ‘कोल्हापुरी’ या शब्दाने जहालपणाची जाहिरात होते, पण ज्या ताटात तांबड्याच्या शेजारी पांढरा नाही, ते कितीही झोंबले तरी कोल्हापूरचे नाही.